काराव्हाज्जोच्या चित्रातला मत्तय नेमका कोणता?

तैलरंग
शुक्रवार, रात्री ९.१०

मंडळी, एक जुना वाद इथे आणतोय. काराव्हाज्जोचं 'संत मत्तयाला पाचारण' हे चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी निदान फोटोत तरी पाहिलं असेल. रोममध्ये पँथिऑन आणि पियात्सा नव्होना यांच्या मध्ये सान लुईजी देई फ्रांचेसी नावाचं फ्रेंच लोकांचं चर्च आहे. त्यातल्या कोंतारेल्ली चॅपेलच्या डाव्या भिंतीवर हे चित्र आहे. जुलै १५९९ मध्ये करार झाला, दोन भिंतींवरच्या दोन चित्रांचे मिळून ४०० स्कूदी (तिथलं तेव्हाचं नाणं) ठरले आणि वर्षभरात काम पुरं झालं. उंची ३२२ सेंटिमीटर, रुंदी ३४०. चित्रकार तेव्हा अठ्ठाविशीच्या आतबाहेर, आणि चर्चसाठी एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालेलं.

मूळ प्रसंग शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, एका ओळीत उरकलाय. येशू वाटेनं जाताना जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयाला बघतो, 'माझ्यामागे ये' म्हणतो, मत्तय उठतो आणि जातो. का उठला, काय वाटलं, काही नाही.

आता चित्र समोर उघडून ठेवा. डावीकडे टेबलाभोवती पाच जण. अगदी डाव्या टोकाला मान खाली घालून नाणी मोजणारा तरुण. त्याच्यामागे उभा राहून चष्म्यातून नाण्यांकडे बघणारा म्हातारा. मधोमध दाढीवाला, काळी टोपी घातलेला. त्याच्या खांद्यावर रेललेला पिसाच्या टोपीतला पोरगा. आणि आपल्याकडे पाठ करून बाकावर बसलेला, कमरेला तलवार लावलेला तरुण. उजवीकडून येशू आणि त्याचा शिष्य पेत्र आत आलेत. येशूचा हात पुढे आलाय. दाढीवाला डाव्या हाताचं बोट करून विचारतोय, 'मी?'

की 'हा?' असं विचारतोय? बोट त्याच्या छातीकडे आहे, की छातीवरून पुढे, मान खाली घातलेल्या त्या तरुणाकडे? मी आजवर दाढीवाल्यालाच मत्तय मानत आलोय, पण ते बोट मला छळतं. तुम्हाला काय दिसतं? आणि का दिसतं, तेही लिहा.

रात्रपाळी
शुक्रवार, रात्री ९.२५

रुमाल टाकून ठेवतो. दाढीवालाच, यात वाद कसला?

उगाच_एक
शुक्रवार, रात्री ९.३१

मला चष्मेवाला आजोबा मत्तय वाटतो. आयुष्यभर हिशेब तपासून थकलाय, कोणी बोलावलं तर लगेच निघेल.

लेखापाल
शुक्रवार, रात्री १०.०२

धंद्याच्या नजरेनं बघतो. टेबलावर वही आहे, दौत-लेखणी आहे, पैशांची थैली आहे. म्हणजे हे वसुलीचं ठिकाण. आता दाढीवाल्याचा उजवा हात बघा. तो नाण्यांपाशी आहे, तरुणाच्या हाताच्या अगदी जवळ. एक जण देतोय आणि एक जण घेतोय, एवढं नक्की. पण कोण काय करतोय?

दाढीवाला पैसे मोजून ठेवत असेल, तर तो कर भरायला आलेला माणूस आणि घेणारा तरुण जकातदार. दाढीवाला घेत असेल तर उलट. चाळीस वर्षं हिशेब बघितल्यावर सांगतो, साहेब स्वतः नाणी मोजत नाही. मोजतो तो कारकून. त्या न्यायानं दाढीवाला साहेब, म्हणजेच मत्तय. पण भर वसुलीच्या वेळी साहेब इतका सजून, मांडीला मांडी लावून इतर पोरांबरोबर बसेल का, ही शंका उरतेच.

पापडीकर
शुक्रवार, रात्री १०.४०

आमच्या वसईत लहानपणापासून मत्तय म्हणजे पांढरी दाढी, हातात पुस्तक आणि शेजारी देवदूत. त्यामुळे माझं मत आधीच बनलेलं आहे, हे सांगून टाकतो.

प्रसंगाबद्दल थोडं. मार्क आणि लूक यांच्याकडे ह्याच जकातदाराचं नाव लेवी आहे. लोकांना जकातदारांचा राग का, तर ते आपल्याच माणसांकडून रोमच्या सत्तेसाठी वसुली करत आणि वरचे पैसे खिशात घालत. पापी आणि जकातदार हे शब्द शुभवर्तमानात जोडीनं येतात ते म्हणूनच. पाचारणानंतर लगेच मत्तयाच्या घरी जेवण होतं आणि परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे लोक, विचारतात, तुमचा गुरू असल्यांच्या पंक्तीला कसा? त्यावर येशू म्हणतो, वैद्याची गरज आजाऱ्यालाच असते.

म्हणून मला चित्रातले पैसे फार महत्त्वाचे वाटतात. ज्याचं लक्ष पैशात सगळ्यात जास्त गुंतलंय, त्यालाच हाक आली असेल तर? हे लिहिताना माझी पांढरी दाढी डळमळायला लागली.

तिसरी_घंटा
शुक्रवार, रात्री ११.१५

मी नाटकांची प्रकाशयोजना करते, त्यामुळे मला आधी उजेड दिसतो, माणसं नंतर.

चित्राच्या वरच्या उजव्या बाजूला खिडकी आहे. पण तिच्यातून उजेड येत नाही, तावदानं धुरकट आहेत. उजेड येतो तो उजवीकडून, येशूच्या डोक्याच्या वरून, चौकटीबाहेरच्या कुठल्यातरी जागेतून. भिंतीवर त्याची तिरकी कड पडलीय, आणि ती साधारण येशूच्या हाताच्याच दिशेनं खाली टेबलाकडे जाते. म्हणजे हात आणि उजेड एकच काम करतायत. येशूचा स्वतःचा चेहरा मात्र अर्धा अंधारात आहे. डोक्यावर तेजोवलयाची एक बारीक रेघ, नीट शोधली तरच सापडते.

आता ज्याच्यावर उजेड जास्त, तो नायक, असा सोपा हिशेब केला तर दाढीवाला आणि पिसाच्या टोपीतला पोरगा दोघेही नायक ठरतात. दोघांचे चेहरे लख्ख आहेत. टोकाच्या तरुणाचा चेहरा मात्र दडवलाय, केस, खांदा आणि हात तेवढे उजळलेत. रंगमंचावर मी असं कधी करते? ज्याचं अजून व्हायचंय त्याच्या बाबतीत. ज्यांची प्रतिक्रिया होऊन गेली त्यांचे चेहरे दाखवायचे आणि ज्याची पुढच्या क्षणी होणार त्याचा झाकून ठेवायचा. माझं मत तरुणाला.

रात्रपाळी
शुक्रवार, रात्री ११.२०

ताई, नाटकात मान खाली घालून बसलेला माणूस नेहमी प्रॉम्पटरकडे कान लावून असतो.

मिलानो_मावशी
शनिवार, सकाळी ७.४५

मी उत्तर इटलीत राहते, रोमला गेले की या चर्चमध्ये डोकावतेच. दोन गोष्टी फोटोत कळत नाहीत, त्या सांगते.

चॅपेलच्या आत जाता येत नाही, कठड्यापाशी उभं राहून बघावं लागतं. समोर वेदी, तिच्यावर 'मत्तय आणि देवदूत', डाव्या भिंतीवर हे पाचारण आणि उजव्या भिंतीवर मत्तयाचं हौतात्म्य. त्यामुळे हे चित्र समोरून कधी दिसत नाही, तिरकंच दिसतं. आणि चित्राची डावी कड आपल्या बाजूला येते. म्हणजे आपल्या सगळ्यात जवळ कोण, तर नाणी मोजणारा तो तरुण. येशू सगळ्यात लांब, वेदीच्या बाजूला. हाक वेदीकडून येते आणि सगळं टेबल ओलांडून आपल्यापर्यंत पोचते.

दुसरं म्हणजे वेदीच्या वर खरी खिडकी आहे, आणि चित्रातला उजेडही त्याच बाजूनं येतो. तिसरी_घंटा म्हणतात ती 'चौकटीबाहेरची जागा' प्रत्यक्षात तिथे आहे. समोरच्या हौतात्म्याच्या चित्रात उजेड उलट, डावीकडून येतो, कारण तिथून बघता वेदी डावीकडे असते. बाईंना आवडेल असा हिशेब आहे.

बाकी, आत अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात आणि थोड्या वेळानं खटकन जातात.

लेखापाल
शनिवार, सकाळी ८.०५

जकातदाराचं चित्र बघायला नाक्यावर पैसे भरावे लागतात. चारशे वर्षांत व्यवस्थेत बदल नाही. आपल्याकडे निदान २०१७ मध्ये मुंबईचे जकात नाके बंद तरी झाले.

उगाच_एक
शनिवार, सकाळी ८.०९

सगळे दुसऱ्यानं नाणं टाकायची वाट बघत उभे असतील. मी त्यातला.

मिलानो_मावशी
शनिवार, सकाळी ८.३०

अगदी तसंच असतं. आणि नाणं टाकणाऱ्याकडे सगळे आदरानं बघतात.

वहीतलं_पान
शनिवार, दुपारी १२.५०

कलामहाविद्यालयात शिकतेय, याच चित्रावर मागच्या सत्रात निबंध होता. हातांबद्दल लिहिते.

येशूचा हात नीट बघितला तर तो ठामपणे दाखवणारा नाही, मनगट सैल आहे, बोटं किंचित लोंबतायत. हा हात मायकेलअँजेलोच्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावरून आलाय. आणि तो तिथल्या देवाचा हात नाही, आदामाचा आहे, फक्त आरशात पाहावा तसा उलटा. पौलाच्या पत्रात ख्रिस्ताला दुसरा आदाम म्हटलंय, त्याच्याशी हे जुळतं. पहिल्या आदामानं हात पुढे केला तो देवाकडून प्राण मिळवायला, हा दुसरा तोच हात पुढे करून नवं आयुष्य देतोय. काराव्हाज्जोचं पाळण्यातलं नावही मायकेलअँजेलोच, मिकेलांजेलो मेरीसी. त्या काळच्या रोमी प्रेक्षकाला हा हात ओळखू आला नसेल, असं मला वाटत नाही.

पेत्राची गोष्ट वेगळी. क्ष-किरण तपासणीत दिसलं की आधी येशू एकटाच होता, पेत्र नंतर घातला गेला. त्यानं येशूचं शरीर जवळपास झाकून टाकलंय. पेत्रही हात करतोय, पण जरा अवघडल्यासारखा. पेत्र म्हणजे चर्च, चर्च ख्रिस्ताची खूण पुन्हा करतं, पण त्याच्याइतकी सफाई चर्चला येत नाही, असा अर्थ लावता येतो. कोणी म्हणेल, उजवी बाजू रिकामी वाटली म्हणून माणूस वाढवला. दोन्ही एकदम खरं असायला हरकत नाही.

शंकेखोर
शनिवार, दुपारी १.३०

हे प्रतीकांचं प्रकरण कुठे थांबवायचं, कोणी सांगेल का? खिडकीच्या लाकडाचा क्रूस होतो आणि तो नेमका येशूच्या हाताच्या वर आहे, असं मी वाचलंय. अहो, खिडकीला चौकट असते, चौकटीत एक उभं आणि एक आडवं लाकूड असतं, आणि ती दोन्ही एकमेकांना छेदतात. चष्मा म्हणजे आत्मिक आंधळेपणा. म्हाताऱ्याला जवळचं दिसत नसेल, म्हणून चष्मा! उद्या पिसाच्या टोपीतला पोरगा म्हणजे उडून जाणारं तारुण्य म्हणाल.

चित्रकारानं रस्त्यावरची माणसं आणून बसवली, त्यांचे कपडे जसेच्या तसे रंगवले. मोठेपण तिथे आहे. बाकीचं आपण मागाहून चिकटवतो.

तिसरी_घंटा
शनिवार, दुपारी २.१५

शंकेखोर, खिडकीबद्दल थोडं भांडते. नेपथ्यात खिडकी का लावतात? बाहेरचं दाखवायला, उजेड आणायला, किंवा कोणाला तरी तिथून डोकावू द्यायला. या खिडकीतून बाहेरचं दिसत नाही, उजेड येत नाही, कोणी डोकावत नाही. वरचा अर्धा कॅनव्हास जवळजवळ रिकामा आहे, नुसती भिंत आणि ही एक खिडकी. आणि ती लावली कुठे? हात जिथून टेबलाकडे निघतो, तिथेच वर. मला हा योगायोग म्हणून पास करता येत नाही.

चष्म्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूनं.

शंकेखोर
शनिवार, दुपारी २.४०

खिडकी तुमची, चष्मा माझा. तह.

पण एक प्रश्न मला खरंच पडलाय. हे घराच्या आत घडतंय की बाहेर? खिडकी बाहेरच्या भिंतीला आतून असते तशी बाहेरूनही असतेच. मग हे लोक रस्त्यावर टेबल मांडून बसलेत का?

तैलरंग
शनिवार, संध्याकाळी ६.२०

फार सुंदर चाललंय. शंकेखोर, यावरही मतभेद आहेत. ज्याच्या पैशातून हे चॅपेल झालं, तो फ्रेंच कार्डिनल मात्यू क्वांत्रेल, इटालियन रूपात मात्तेओ कोंतारेल्ली, १५८५ मध्येच वारला होता. त्यानं काय काढायचं हे लिहून ठेवलं होतं. मत्तय वसुलीच्या खोलीत, गल्ला, वह्या, पैसे असा सरंजाम, आणि रस्त्यानं शिष्यांसह जाणारा ख्रिस्त त्याला हाक मारतोय, मत्तय उठून त्याच्याकडे निघालाय. काराव्हाज्जोनं आत आणि बाहेर असे दोन भाग केलेच नाहीत. रस्ता आणि खोली एकत्र झालीय. आणि मुख्य म्हणजे कोणीही उठलेलं नाही! गिऱ्हाइकानं सांगितलेला नेमका क्षण त्यानं एक श्वास मागे सरकवलाय.

छताचं काम त्याआधी काव्हालिएर द'आर्पीनो या चित्रकारानं केलं होतं, भिंती तशाच राहिल्या. १६०० हे पवित्र वर्ष, यात्रेकरू रोममध्ये लोटणार, म्हणून फ्रेंच मंडळींना घाई होती. काराव्हाज्जोचा आश्रयदाता कार्डिनल देल मोंते याच्या शब्दावर काम या तरुणाकडे आलं. लोक बघायला गर्दी करू लागले तेव्हा ज्येष्ठ चित्रकार झुक्कारी म्हणाला, एवढा गाजावाजा कशाला, मला यात जोर्जोनेच्या (आधीच्या पिढीतला व्हेनिसचा चित्रकार) कल्पनेपलीकडे काही दिसत नाही. हे बाल्योने या चित्रकार-चरित्रकारानं लिहून ठेवलंय, आणि बाल्योनेचं आणि काराव्हाज्जोचं हाडवैर, त्यामुळे चिमूटभर मीठ घालून घ्या.

आता मूळ प्रश्न. दाढीवाल्याच्या बाजूचे दोन पुरावे. एक, चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या बेल्लोरीनं १६७२ मध्ये चित्राचं वर्णन करताना म्हटलंय की संत नाणी मोजायचं सोडून, एक हात छातीशी नेऊन प्रभूकडे वळलाय. हे वर्णन दाढीवाल्यालाच लागू पडतं. दोन, याच चॅपेलमधल्या उरलेल्या दोन्ही चित्रांत मत्तय वयस्क आणि दाढीवाला आहे. एकाच चॅपेलमध्ये एकाच माणसाला एका भिंतीवर बिनदाढीचा पोरगा का करेल?

वहीतलं_पान
शनिवार, संध्याकाळी ७.००

वय वाढतं म्हणून. पाचारण तरुणपणी, मरण म्हातारपणी.

तरुणाची बाजू जोरात मांडली गेली ती १९८० च्या दशकात, जर्मन अभ्यासकांकडून. त्यांचं म्हणणं असं की दाढीवाल्याचं बोट तरुणाकडे जातं, आणि तरुणाला अजून हाक ऐकू आलेली नाही. पुढच्या क्षणी तो मान वर करेल. बेल्लोरीबद्दल म्हणाल तर तो चित्रानंतर सत्तर वर्षांनी लिहितोय, आणि चित्रात हात छातीला टेकलेला नाहीच.

आणि एक साक्षीदार पोप फ्रान्सिस. पोप होण्याआधी रोमला आले की ते या चर्चमध्ये जाऊन हे चित्र बघत. २०१३ च्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं की येशूचं बोट मत्तयाकडे वळलंय, तो मी आहे असं मला वाटतं. मत्तय पैशांना घट्ट धरून बसलाय, जणू म्हणतोय, मी नाही, हे पैसे माझे आहेत. हे वर्णन मात्र सरळ त्या तरुणाचं आहे.

पापडीकर
शनिवार, रात्री ८.१०

हे मला माहीत होतं, पण या वादाशी कधी जोडलं नव्हतं. फ्रान्सिस यांना धर्मगुरू व्हायची ओढ लागली ती १९५३ मध्ये, २१ सप्टेंबरला, म्हणजे मत्तयाच्या सणाच्या दिवशी. त्यांचं ब्रीदवाक्यही बीड नावाच्या जुन्या इंग्रज संताच्या मत्तयावरच्या प्रवचनातून घेतलेलं, येशूनं दया करून त्याला निवडलं अशा अर्थाचं. त्यांच्या मते मत्तय आधी नको म्हणतो, हे मला भावतं. आमच्या फादरनी प्रवचनात मत्तय कसा क्षणात उठला तेवढंच सांगितलं होतं. क्षणाच्या आधी काय झालं असेल, त्याचं हे चित्र.

बार्देसकर
शनिवार, रात्री ९.४५

थोडं अवांतर चालेल ना? कपड्यांबद्दल कोणी बोललंच नाही. टेबलावरची माणसं १६०० सालच्या रोममधल्या फॅशनेबल पोरांसारखी, रेशमी बाह्या, पिसं, तलवार. येशू आणि पेत्र मात्र अनवाणी, जुन्या झग्यांत. म्हणजे त्यानं मत्तयाला आपल्या गल्लीत आणून बसवलं आणि ख्रिस्ताला त्याच्या काळातून चालत आणलं.

याच सुमारास आमच्या गोव्यात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू ख्रिस्तचरित्र मराठी ओव्यांत आणत होता. तो १५७९ मध्ये गोव्यात आला, आणि त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापून निघालं. रोममध्ये कपडे बदलले, इथे छंद बदलला.

पुढे विसाव्या शतकात चित्रकार आंजेलो द फोन्सेका. जन्म सांतु इस्तेव्हचा, १९०२ चा. अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले आणि नंतर बरीच वर्षं पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलं. त्यांची मारिया, म्हणजे येशूची आई, साडीत आहे, चेहरेमोहरे इथले. गोव्यात त्या काळी हे अनेकांना रुचलं नाही. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्यांची बरीच चित्रं आहेत, जमलं तर बघून या.

शंकेखोर
शनिवार, रात्री १०.२०

साडीतली मारिया आणि रेशमी बाह्यांचा जकातदार यांत फरक आहे. काराव्हाज्जो जे रोज बघत होता तेच रंगवत होता. फोन्सेकांनी ठरवून भारतीय रूप घडवलं. पहिलं सहज आलेलं, दुसरं विचारपूर्वक केलेलं.

बार्देसकर
शनिवार, रात्री १०.३५

साडी नेसलेल्या बाया फोन्सेकाही रोज बघत होतेच की! त्यांच्या आसपासच्या चर्चमधली गोरी, युरोपी मारिया कोणी रोज रस्त्यावर बघितली होती? ठरवून केलेली तर ती होती.

संपादक
शनिवार, रात्री १०.५०

विषय रंगतोय, पण फोन्सेकांवर स्वतंत्र धागा काढलात तर उत्तम. इथे मत्तयाला शोधू द्या.

चिक्कणमाती
रविवार, सकाळी १०.१५

कालपासून नुसती वाचतेय. मी एक प्रयोग केला. आरशासमोर बसून उजवा हात टेबलावर ठेवला, आणि डाव्या हातानं स्वतःकडे बोट करून 'मी?' असं विचारलं. बोट आपोआप आत वळतं, छातीला टेकायला जातं. मग नवऱ्याला उजवीकडे खुर्चीत बसवलं आणि त्याच्याकडे बोट करून 'हा?' म्हटलं. हात छातीसमोरून आडवा जातो, बोट ताठ राहतं. चित्रातला हात या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा वाटला. नवरा विचारतोय, मी काय केलं?

आणखी एक. दाढीवाल्याचे डोळे येशूकडे आहेत, पण चेहऱ्यावर भीती नाही, ओढही नाही, नुसतं नवल आहे. दुसऱ्याला आलेली हाक ऐकून होतं तेवढंच नवल.

रात्रपाळी
रविवार, सकाळी १०.४०

माझ्या घरी हाच प्रयोग केला. बोट थेट माझ्यावरच आलं आणि भांडी घासायला पाचारण झालं.

लेखापाल
रविवार, सकाळी ११.३०

चिक्कणमाती, तुमच्या आरशानं माझा साहेब-कारकून सिद्धांत अडचणीत आणलाय. चित्र मोठं करून पुन्हा बघितलं. नाण्यांवर दोघांचेही हात आहेत, पण मान खाली कोणाची? पैसे द्यायला आलेला माणूस मोजून झालं की मान वर करतो, आलेला पाहुणा बघतो. घेणारा मात्र शेवटचं नाणं थैलीत पडेपर्यंत मान वर करत नाही, कारण कमी पडलं तर त्याच्या अंगावर येतं. चष्मेवालाही त्याच्याच खांद्यावरून तपासतोय, दाढीवाल्याच्या नाही. म्हणजे वसुली तरुणाची आणि दाढीवाला भरणा करायला आलेला. अजून शंभर टक्के खात्री देत नाही, पण ताळेबंद या बाजूनं जुळतो.

तैलरंग
रविवार, दुपारी १२.१५

ताळेबंद बघता मतं बदलताना दिसतायत. माझं अजून बदललेलं नाही. बोट संदिग्ध आहे हे मान्य, पण रचना बघा. टेबलावरचे पाच जण मिळून एक आडवा गट, येशू-पेत्र मिळून एक उभा गट, आणि दोन्हींच्या मध्ये मोकळी, काळी जागा. ती जागा ओलांडणारी एकच गोष्ट आहे, येशूचा हात. हात ओलांडून पलीकडे गेल्यावर नजर पहिल्यांदा पूर्ण उजळलेल्या आणि प्रतिसाद देणाऱ्या चेहऱ्यावर ठरते. तो दाढीवाल्याचा. तरुणापर्यंत पोचायला दाढीवाल्याचं बोट मध्ये लागतं. हाक अशी हस्ते-परहस्ते पाठवेल का कोणी?

तिसरी_घंटा
रविवार, दुपारी १.००

का नाही? येशूचा हात, पेत्राचा हात, दाढीवाल्याचा हात, एकाच सुरातले तीन हात ओळीनं आहेत. तिसरा हात जिथे संपतो तिथे तरुण आहे. पेत्र नंतर घातला म्हणजे ही साखळी चित्रकारानं मुद्दाम वाढवली. शिवाय मावशींनी सांगितलेली उभं राहायची जागा विसरू नका. कठड्यापाशी उभं राहिलं की साखळीच्या शेवटी, अगदी आपल्या पुढ्यात तो पोरगा येतो.

पापडीकर
रविवार, दुपारी ३.२०

येशूचे पाय कोणी बघितलेत का? हात टेबलाकडे आहे, पण पाऊल परत फिरायला लागलंय, चित्राच्या बाहेर. तो थांबणार नाही, बसणार नाही, समजावणार नाही. एकदा म्हणाला, झालं. टेबलावर ज्यांनी मान वर केली त्यांना तो दिसला तरी. ज्यानं केली नाही, त्याला उठायला फार थोडा वेळ उरलाय. दाढीवाला मत्तय असेल तर चित्र एका प्रश्नाचं आहे. तरुण असेल तर त्यात धास्ती आहे, तो वेळेत मान वर करेल की नाही याची. मला दुसरं चित्र जास्त मोठं वाटतं. बालपणीची पांढरी दाढी भिंतीवर तशीच राहू दे, पण इथे माझं मत तरुणाला.

उगाच_एक
रविवार, दुपारी ३.३०

आजोबांना एकही मत नाही. निषेध.

मिलानो_मावशी
रविवार, संध्याकाळी ५.१०

तैलरंग, पुढच्या खेपेला दिवा न लावता बघून येते. नाण्याच्या झगमगाटात सगळेच चेहरे सारखे उजळतात, वरच्या खिडकीच्या उजेडात कदाचित क्रम वेगळा लागेल.

तैलरंग
रविवार, संध्याकाळी ५.४०

जरूर, आणि इथे लिहा. समोरच्या भिंतीवरचं हौतात्म्यही मुद्दाम बघा. क्ष-किरणांत तिथे आधीची एक वेगळीच रचना सापडलीय, लहान आकृत्या आणि मोठं वास्तुशिल्प असलेली. ती बाजूला सारून त्यानं सगळं नव्यानं मांडलं. त्यावर वेगळा धागा टाकावा म्हणतो.

रात्रपाळी
रविवार, संध्याकाळी ५.४४

टाका. त्यात तरी मत्तय कोण ते ठरलेलं आहे ना?

तैलरंग
रविवार, संध्याकाळी ५.५२

ठरलेलं आहे. जमिनीवर पडलाय, आणि त्याला दाढी आहे.